अझीम प्रेमजी : संगणकवाला की तेलवाला?

शेवगा (धागाकर्ता)

भारतातल्या टेक अब्जाधीशांची यादी निघाली की त्यात नारायण मूर्ती, शिव नाडर, नंदन नीलेकणी आणि विप्रोचे अझीम प्रेमजी ही नावं ठरलेली. पहिल्या तिघांबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रेमजींपाशी मात्र मी नेहमी अडखळतो. धंद्यात उतरल्यावर पहिली तेरा-चौदा वर्षं या माणसाचा संगणकाशी काडीचाही संबंध नव्हता. तो वनस्पती तूप आणि साबण विकत होता, आणि तेही आपल्या खानदेशातून.

अमळनेर म्हटलं की बहुतेकांना साने गुरुजी आणि प्रताप हायस्कूल आठवतं. फार तर प्रताप मिल, किंवा सखाराम महाराजांची यात्रा. डिसेंबर १९४५ मध्ये अझीम यांचे वडील मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी काढली आणि कारखाना याच गावात टाकला. भुईमूग आणि सरकीचा मुलूख, शिवाय सुरत-भुसावळ रेल्वे दारात. 'सनफ्लॉवर' नावाचं वनस्पती तूप निघायचं आणि त्याच धंद्यातून उरणाऱ्या मालाचा '७८७' नावाचा कपड्यांचा साबण. १९४६ मध्ये पब्लिक इश्यूही आला. फाळणीच्या वेळी खुद्द जिनांनी त्यांना पाकिस्तानात बोलावलं होतं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगितलं जातं.

अझीम यांचा जन्म जुलै १९४५ चा, मुंबईतला. म्हणजे मुलगा आणि कंपनी एकाच वर्षातली. ऑगस्ट १९६६ मध्ये वडील अचानक गेले तेव्हा ते स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते. वय २१. शिक्षण अर्धवट टाकून परतले, ती पदवी पुढे तीसेक वर्षांनी पूर्ण केली. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभं राहून सुनावलं, की पोरा, तुझे शेअर विकून टाक आणि कंपनी जाणत्या माणसांच्या हाती दे. हा किस्सा प्रेमजींनी स्वतः अनेकदा सांगितला आहे, आणि त्या भागधारकाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी त्या सभेत असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

पुढची दहा-बारा वर्षं चरित्रं लिहिणारे दोन ओळींत उरकतात. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात. तुपाच्या धंद्यात नफा सुटतो तो रुपयांत नव्हे, पै-पैशांत. तेलबियांचा भाव रोज हलतो, सरकारचा डोळा कायम किमतीवर, आणि ग्राहकाला दोन डब्यांतला फरक कळत नाही. अशा धंद्यात टिकायचं तर खरेदी, हिशेब आणि वाटप यांवर पकड लागते. प्रेमजींनी त्यासाठी नातेवाईक न भरता व्यवस्थापन शिकलेली पोरं आणली. सत्तरीच्या सुरुवातीला घराण्याच्या कंपनीत हे सर्रास नव्हतं. मग आले हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे टिपरची ट्रॉली उचलणारे. १९७७ मध्ये कंपनीचं नाव विप्रो प्रॉडक्ट्स झालं, १९८२ मध्ये नुसतं विप्रो.

संगणक येतो तो यानंतर. फेरा या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना भागभांडवल ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं, जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, आयबीएमने नकार दिला आणि १९७८ पर्यंत गाशा गुंडाळला. बाजारात खिंडार पडलं. त्यात एचसीएल शिरली, डीसीएम शिरली, सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी ईसीआयएल होतीच, आणि त्या रांगेत हे अमळनेरचे तूपवाले येऊन उभे राहिले.

म्हणून माझा मुद्दा असा, की प्रेमजी तंत्रज्ञ नाहीत. पैशाची शिस्त असलेले मालक आहेत, आणि ती शिस्त त्यांनी तुपाच्या धंद्यात कमावली. पुढे तूप, साबण, सिलिंडर, संगणक, सॉफ्टवेअर, हवं ते त्या साच्यात ओतता आलं. मतं येऊ द्या. भांडण झालं तरी चालेल, धागा पळाला पाहिजे.

---

निवृत्त लेजरकीपर

छान लिहिलंय. एक भर घालतो.

१९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला आणि आमच्या बँकेत यंत्रं येणार अशी कुजबुज सुरू झाली. युनियनने आधी आडवं लावलं, मग करार झाले, कुठल्या शाखेत किती यंत्रं हे त्यात ठरलेलं. आमच्याकडे आली ती एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगची, खातेवहीत नोंदी करणारी यंत्रं. त्यांच्यासाठी काचेची एसी खोली. शाखेत पंखे गरगरताहेत, मॅनेजर घामाघूम, आणि यंत्र मात्र थंड हवेत. चपला-बूट दाराबाहेर. व्याज लावायच्या रात्री प्रिंटर करकर करत पहाटेपर्यंत चालायचा आणि आम्ही कागदाची घडी अडकू नये म्हणून पाळीपाळीने शेजारी उभे.

तेव्हा अशी यंत्रं विकणाऱ्या कंपन्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. आयातीवर भरमसाट शुल्क, परदेशी यंत्र मागवायचं तर परवान्यांची भेंडोळी. त्यामुळे देशी कंपन्यांना भिंतीआड वाढायला वेळ मिळाला. धागाकर्ते मालकाच्या शिस्तीला श्रेय देताहेत, मी निम्मं श्रेय दिल्लीच्या धोरणाला देईन. ती भिंत नसती तर शिस्त घेऊन चाटायची होती का?

---

कंपाइलर

शेवगा, तुमचा मुद्दा आकर्षक आहे पण अर्धाच.

प्रेमजी स्वतः सर्किट काढत बसले नाहीत हे मान्य. पण १९८० मध्ये त्यांनी कुणाला आणलं ते पाहा. ईसीआयएलमधले श्रीधर मिट्टा. बेंगळुरूला संशोधन विभाग उभा राहिला आणि इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवरचा मिनी-संगणक बाजारात आला. ८०८६ तेव्हा नवाकोरा होता. नुसती पैशाची शिस्त असलेल्या मालकाने परदेशी खोकी आणून वर आपलं नाव चिकटवलं असतं. त्या काळी तसं करणारेही होते.

१९८४ पासून अशोक सूटा यांच्याकडे संगणकाचा धंदा होता. त्या वर्षांत या मंडळींनी बोर्ड बनवले, युनिक्स ही संचालन प्रणाली आपल्या यंत्रावर चढवली, यंत्राचे भाग चालवणारे ड्रायव्हर प्रोग्रॅम लिहिले, आणि ग्राहकाकडे यंत्र बंद पडलं की रात्री-अपरात्री जाऊन चालू केलं. हे सगळं हाताने शिकलेलं ज्ञान.

आता १९९१. शुल्क उतरलं, परदेशी यंत्रं आत आली, आणि लेजरकीपर काकांनी म्हटलेली ती भिंत पडली. देशी हार्डवेअरवाल्यांपैकी कित्येक तिथेच संपले. विप्रोपाशी एक अख्खी प्रयोगशाळा होती, जिला आता स्वतःचं यंत्र बनवायला काम उरलं नव्हतं. त्यांनी ती भाड्याने दिली. परदेशी कंपन्यांना सांगितलं, तुमच्या टेलिकॉमच्या पेटीतलं, चिपवरचं, प्रिंटरमधलं सॉफ्टवेअर आमचे इंजिनिअर लिहून देतील. इन्फोसिस, टीसीएस यांची सुरुवात प्रामुख्याने बँका-विमा कंपन्यांच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरपासून झाली. विप्रोकडे त्याच्या जोडीला हे संशोधनाचं कंत्राटी काम होतं, आणि बरीच वर्षं त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे तुपाच्या साच्यातून आलेलं नाही.

बरं, सगळंच जमलं असंही नाही. ऐंशीच्या दशकात विप्रो सिस्टिम्सने इन्स्टाप्लॅन नावाचं प्रकल्प-नियोजनाचं पॅकेज थेट अमेरिकेत विकायला काढलं होतं. माल चांगला होता, विकला गेला नाही. तिथे दुकान मांडायचं तर जाहिरातीवर किती ओतावं लागतं याचा अंदाज कुणालाच नव्हता. त्यानंतर आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या पॅकेजच्या वाटेला फारशा गेल्याच नाहीत, सेवाच विकत राहिल्या. या एका अपयशाची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

---

शेवगा

कंपाइलर, प्रयोगशाळा भाड्याने देणं हेच तर मी म्हणतोय! तेल काढल्यावर उरलेल्या मालाचा साबण करणारी कंपनी आहे ती. यंत्राचा धंदा गेला, उरली माणसं, त्यांचंही काहीतरी केलं.

---

कंपाइलर

हा हा. वकील व्हायला हवं होतंत.

---

आकडेमोड

या धाग्यावर कुणीतरी तो व्हॉट्सॅपचा ढकलसंदेश टाकणारच आहे ('१९८० मध्ये १०,००० रुपये गुंतवले असते तर आज...'), त्याआधी मीच गणित मांडतो.

१९८० मध्ये १०० रुपये दर्शनी (शेअरवर छापलेल्या) किमतीचे १०० शेअर धरा. १९८१ ला एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट, झाले २००. १९८५ ला पुन्हा, ४००. १९८६ मध्ये १०० चा शेअर १० चा झाला, म्हणजे ४,०००. मग १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ असे चार वेळा एकास एक : ८,०००, १६,०००, ३२,०००, ६४,०००. १९९७ ला एकावर दोन बोनस, १,९२,०००. १९९९ ला १० चा शेअर २ चा, ९,६०,०००. २००४ ला पुन्हा एकावर दोन, २८,८०,०००. २००५ ला एकास एक, ५७,६०,०००. २०१० ला तीनावर दोन, ९६ लाख. २०१७ ला दुप्पट, १ कोटी ९२ लाख. २०१९ ला तीनावर एक, २ कोटी ५६ लाख. २०२४ ला पुन्हा दुप्पट, ५ कोटी १२ लाख शेअर.

भाव २५० धरला तरी १,२८० कोटी. लाभांश वेगळा. गुणाकार बरोबर आहे, कुणीही कागदावर करून पाहावा.

आता त्यातली मेख. एक, हा हिशेब शेअर दर्शनी किमतीला मिळाला असं धरतो. नफ्यातल्या, बोनस देणाऱ्या कंपनीचा शेअर बाजारात दर्शनी किमतीला कोण देतं? दोन, १९८० चे १०,००० म्हणजे चांगल्या नोकरदाराचा वर्षभराचा पगार. तो उचलून एका वनस्पती तुपाच्या कंपनीत टाकायचा? तीन, आणि ही खरी गोम, फेब्रुवारी २००० मध्ये भाव नऊ हजारांच्या पुढे गेला आणि मग धाडकन आपटला. तेव्हा तुमच्याकडे साडेनऊ लाख शेअर आहेत. वरच्या भावाला कागदावर ८५० कोटींहून जास्त, आणि वर्षा-दीड वर्षात डोळ्यांदेखत त्यातला मोठा भाग गेलेला. न विकता बसून राहणारा माणूस मला दाखवा.

तेव्हाच्या इतर वनस्पती कंपन्यांचे शेअर ज्यांनी घेतले त्यांचे ढकलसंदेश कुणी पाठवत नाही, हेही आहेच.

---

बोरीकाठ

दाखवतो भो, न विकता बसून राहणारे. अमळनेरला या.

वरचं गणित आमच्याकडे वेगळ्या पद्धतीने घडलं. मोठे प्रेमजी गावातल्या माणसांना शेअर घ्या म्हणून सांगत. कारखान्यातले कामगार, माल घालणारे व्यापारी, शेतकरी. शेअर म्हणजे काय ते बऱ्याच जणांना समजलं नव्हतं. शेठ सांगतात म्हणून घेतले, आणि न कळल्यामुळेच विकले नाहीत. बोनसचं पाकीट पोस्टाने यायचं, लग्नाच्या साड्या आणि शेताचे सातबारे असायचे त्याच पेटीत पडायचं. पुढे मुंबईच्या दलालांना वास लागला, काहींनी विकलेही. पण 'पोरीच्या लग्नाला हे असू दे' म्हणत ठेवणारीही घरं होती. लाभांशातून शिकलेली मुलं आमच्या गावात कमी नाहीत. अमुकच्या घरात किती आहेत हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. जो सांगतो त्याच्याकडे नसतात.

आकडेमोड यांची दर्शनी किमतीची शंका बाजारात घेणाऱ्यांना लागू आहे. ज्यांनी सुरुवातीलाच घेतले त्यांना नाही.

आणि धागाकर्त्यांना एक : 'तेलवाला' म्हटलं तर आमच्याकडे कुणाला राग येणार नाही.

---

झुळूक

संतूरचा उल्लेख कसा नाही कुणी केला? १९८५-८६ चा साबण, हळद आणि चंदन. ती कॉलेजकन्यका वाटणारी बाई, मागून 'मम्मी!' म्हणत पळत येणारी छोटी, आणि सगळ्यांचे वासलेले आ. इतकी वर्षं एकच जाहिरात फिरवून फिरवून चालवली आणि ब्रँड देशातल्या सर्वांत मोठ्या साबणांत जाऊन बसला. माझं मत तेलवाल्याला.

---

पेन्सिल

आरत्या झाल्या असतील तर दुसरी बाजू लिहू का?

१. जागतिक बँकेने २००७ पासून चार वर्षं विप्रोला कामं द्यायची बंद केली होती. २००० मध्ये अमेरिकेत केलेल्या शेअरविक्रीत बँकेच्या कर्मचाऱ्यांना शेअर देऊ केल्याचं कारण होतं. हे बाहेर आलं २००९ च्या जानेवारीत, सत्यम कंपनीच्या हिशेब-घोटाळ्याच्या पाठोपाठ. कंपनीचं म्हणणं होतं की सगळं नियमात होतं, रक्कम किरकोळ होती. असेलही. पण सचोटी हीच ज्यांची ओळख, त्यांनी दीड वर्ष हे आपणहून सांगितलं नाही.

२. शिस्तीचं कौतुक चाललंय, तर मग मुख्याधिकारी टिकत का नाहीत? विवेक पॉल २००५ मध्ये गेले. मग काही काळ प्रेमजींनी स्वतःच पाहिलं. २००८ ला दोन जोडप्रमुख, परांजपे आणि वासवानी, ते २०११ ला गेले. कुरियन, नीमचवाला, मग फ्रान्सचे देलापोर्त, तेही मुदतीआधी, आणि २०२४ पासून पलिया. सूटा तर १९९९ मध्येच बाहेर पडून माइंडट्री काढायला गेले होते. दोन प्रमुखांचा प्रयोग ऐन मंदीत कुणाला सुचतो?

३. परिणाम समोर आहे. २०१८ च्या सुमारास एचसीएल पुढे गेली आणि विप्रो चौथी झाली. २०२१ मध्ये कॅप्कोसाठी १४५ कोटी डॉलर मोजले, कंपनीची तोवरची सर्वांत मोठी खरेदी. वाढीचा तिढा सुटला नाही.

४. २०२३ मध्ये साडेसहा लाखांची ऑफर हातात घेऊन महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या नव्या पोरांना साडेतीनवर या म्हणून विचारलं गेलं. पैशाची शिस्त ती हीच का? त्याआधी २०२२ मध्ये ३०० जणांना दुसरीकडे छुपं काम केलं म्हणून काढलं. ते बरोबर की चूक यावर वेगळा धागा निघेल, पण शिस्त नेहमी खालच्या टोकाला जास्त जोरात लागते एवढं दिसतं.

जुलै २०१९ च्या शेवटी प्रेमजी निवृत्त झाले, त्यामुळे २०२० नंतरचं त्यांच्या खात्यावर टाकू नका असं कुणी म्हणेल. अध्यक्षपदी चिरंजीव रिशद आहेत, आणि घराण्याशी संबंधितांकडे जवळपास तीन चतुर्थांश कंपनी आहे. बाहेरून प्रमुख आणायचा आणि मालकी मुठीत ठेवायची, यात बाहेरच्या माणसाला किती मोकळीक मिळत असेल?

---

निवृत्त लेजरकीपर

पेन्सिल, १ आणि ४ ला अनुमोदन. २ बद्दल मात्र एक सांगतो. सूटा गेले तेव्हा कंपनी कोसळली नाही, पॉल गेले तेव्हाही नाही. एका माणसावर उभी कंपनी असती तर तेव्हाच आडवी झाली असती.

अवांतर : इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की त्यांनी पूर्वी विप्रोत नोकरीसाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला. ती आपली मोठी चूक होती असं प्रेमजी त्यांना नंतर म्हणाले म्हणे. नोकरी मिळाली असती तर या धाग्यावर दोघांची नावं एकाच कंपनीत लिहावी लागली असती.

---

तळटीप

काटकसरीच्या कथा अजून आल्या नाहीत हे नवलच. इकॉनॉमी वर्गाने प्रवास, जुनी फोर्ड एस्कॉर्ट, मग टोयोटा कोरोला, ऑफिसात दिवे बंद केलेत की नाही याची चौकशी. मला या कथांचा कंटाळा येतो. श्रीमंताने साधी गाडी वापरली की आपण भारावून जातो, आणि त्याने नफा कसा वाटला हे विचारायचं विसरतो. ते विचारलं तर प्रेमजींचं उत्तर गाडीपेक्षा फार मोठं निघतं.

सुरुवात २००१ च्या सुमारास, अझीम प्रेमजी फाउंडेशन. डिसेंबर २०१० मध्ये विप्रोचे सुमारे ८.७ टक्के शेअर, तेव्हाचे साधारण २०० कोटी डॉलर, ट्रस्टला दिले. २०१३ मध्ये गिव्हिंग प्लेजवर, म्हणजे निम्मी तरी संपत्ती दान करण्याच्या अब्जाधीशांच्या प्रतिज्ञेवर, सही करणारे पहिले भारतीय. मार्च २०१९ मध्ये आणखी ५२,७५० कोटींच्या शेअरचे लाभ, एकूण १.४५ लाख कोटी, म्हणजे विप्रोच्या आर्थिक मालकीचा ६७ टक्के वाटा.

यातला 'आर्थिक मालकी' हा शब्द नीट वाचा. २०१९ मध्ये ज्यांचे लाभ दिले ते शेअर प्रेमजींच्या नियंत्रणातल्या संस्थांकडेच राहिले. त्यांवरचा लाभांश, बायबॅकचा (कंपनी आपलेच शेअर परत विकत घेते त्याचा) पैसा, विक्रीचा पैसा दानाला, आणि तो निर्णय मागे घेता येणार नाही असा. नियंत्रण घरात, फळ बाहेर. याला पळवाट म्हणणारे मी पाहिलेत, मला तसं वाटत नाही. सगळे शेअर एकदम बाजारात ओतले असते तर भावही पडला असता आणि शाळांच्या कामाला वर्षानुवर्षं लागणारा पैसाही आटला असता. मात्र यातून एक गुंता होतो. विप्रोने २०१७ मध्ये ११,००० कोटी, २०१९ मध्ये १०,५००, २०२०-२१ मध्ये ९,५०० आणि २०२३ मध्ये १२,००० कोटींचं बायबॅक केलं. हा पैसा नव्या तंत्रज्ञानात घालायचा की भागधारकांना परत करायचा, हा निर्णय ज्यांच्या हाती, त्यांचीच दानसंस्था त्याची सर्वांत मोठी लाभार्थी. पेन्सिल यांच्या तिसऱ्या मुद्द्याचं एक मूळ इथे असू शकतं.

---

पेन्सिल

हे मी म्हणायला हवं होतं. तंतोतंत.

---

फळा

मी शिक्षणक्षेत्रात आहे म्हणून या पैशाचं पुढे काय होतं त्यावर चार ओळी.

फाउंडेशनने स्वतःच्या चकचकीत शाळांची साखळी काढली नाही. थोड्या शाळा आहेत, पण मुख्य काम सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर. उत्तराखंड, राजस्थान, छत्तीसगड, कर्नाटक, मध्य प्रदेश अशा राज्यांत जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची माणसं कायमची राहतात. शिक्षकांसाठी केंद्रं असतात, तिथे पुस्तकं, गणिताची साधनं, विज्ञानाचं किरकोळ सामान. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी शिक्षक आपल्या मर्जीने येतात. मी अशा एका केंद्रात पाहिलेली गोष्ट : अपूर्णांकांची बेरीज मुलं वरच्याला वर, खालच्याला खाली मिळवून का करतात यावर आठ-दहा शिक्षक कागदाच्या पट्ट्या कापत बराच वेळ वाद घालत होते. ना भाषण, ना हारतुरे, ना हजेरीपटावर सही.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी शाळांमधून संगणकावर शिकवण्याचे कार्यक्रम केले होते. ते मागे पडले आणि शिक्षकावर भर आला. एका संगणक कंपनीच्या मालकाच्या संस्थेने संगणकावरचा भर सोडला, हे मला तरी शेवगा यांच्या प्रश्नाइतकंच रोचक वाटतं. २०१० मध्ये बेंगळुरूला विद्यापीठ सुरू झालं, २०२३ पासून भोपाळलाही आहे. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत आठवड्याचे सहा दिवस अंडं देण्यासाठी २०२४ मध्ये तीन वर्षांचे सुमारे १,५०० कोटी दिले. २०२५ मध्ये सरकारी शाळेतून बारावी झालेल्या मुलींना पदवीसाठी वर्षाला ३०,००० ची शिष्यवृत्ती.

त्रुटी? आहेत. काम संथ आहे, आणि परिणाम मोजून दाखवा म्हटलं की उत्तर लांबलचक येतं.

---

कंपाइलर

महाराष्ट्रात काही केलं नाही असं कुणी म्हणायच्या आत : २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत हिंजवडीचा परिसर राज्य सरकारला ४५० खाटांच्या रुग्णालयासाठी दिला होता.

---

शेवगा

प्रतिसादांबद्दल आभार. लेजरकीपर काकांचं धोरण, कंपाइलर यांची प्रयोगशाळा, दोन्ही वजनदार. तरी मी तेलवाल्यावर ठाम आहे, आणि पेन्सिल यांच्या यादीमुळे जास्तच ठाम झालो. जिथे पैशापैशाचा हिशेब चालतो तिथे हा साचा उत्तम चालला. साबण चालला, सिलिंडर चालले, तासावर माणसं देणं चाललं. जिथे अंदाजाने मोठा डाव टाकावा लागतो तिथे हात आखडला, इन्स्टाप्लॅनपासून आजपर्यंत. २०१३ मध्ये साबण, दिवे, सिलिंडर वगैरे विप्रो एंटरप्रायझेसमध्ये वेगळे काढले, तेव्हापासून जुन्या घरातली मंडळी निवांत आहेत आणि तंत्रज्ञानाची कंपनी धापा टाकतेय.

---

ओवी

मधेच घुसते, माफ करा. बोरीकाठ यांचा प्रतिसाद वाचून विचारते. माझ्या सासऱ्यांच्या कपाटात जुनी कागदी शेअर प्रमाणपत्रं सापडली आहेत, त्यात विप्रोचीही आहेत. सासरे हयात नाहीत. प्रमाणपत्रावर त्यांचं आद्याक्षर एक, आधारवर दुसरं. लाभांश कित्येक वर्षं आलेला नाही. काही होऊ शकतं का?

---

आकडेमोड

होऊ शकतं, चिकाटी हवी. सलग ७ वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर बहुधा गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे गेले असतील. बुडालेले नाहीत, परत मागता येतात. आधी प्रमाणपत्रावरचा फोलिओ (भागधारकाचा खाते) क्रमांक घेऊन कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहा, सध्या त्या फोलिओवर किती शेअर आहेत ते विचारा. बोनस आणि विभाजनामुळे कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून घाईने कुणा एजंटला टक्केवारी कबूल करू नका. वारसांच्या नावे डीमॅट खातं उघडा, कारण एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद आहे. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, आद्याक्षराच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र. कंपनीकडून हक्काचं पत्र मिळालं की आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा.

---

बोरीकाठ

ओवीताई, आणि मूळ प्रमाणपत्रं पोस्टाने पाठवायच्या आधी दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून ठेवा. मागच्या बाजूला हस्तांतराच्या जुन्या नोंदी असतात, रजिस्ट्रार हमखास विचारतो. आमच्याकडे हे काम बऱ्याच घरांनी केलंय, अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.